पितळी ताटावरचा हात

साजापोड, ता. झरी जामणी
७ जुलै २०२५

ती. तानामावशी,
नमस्कार.

मी वैष्णवी. निवृत्तीच्या दिवशी अंगणवाडीच्या चाव्या गावच्या ज्या सुनेच्या हातात ठेवून तुम्ही म्हणालात, "कुलूप जरा वर उचलून फिरवजो, नाही तं अडते," तीच मी. उचलून फिरवते तरी अडतंच.

परवा शनिवारी टेकडीवर चढून तुम्हाला फोन लावला होता. तिथं रेंजच्या दोन काड्या येतात. पाच मिनिटं मी एका पोरीबद्दल सांगत होते आणि तुम्ही "हो हो, चांगलं आहे बाई, सुखी राहा" म्हणून ठेवून दिलात. आवाज तुटत असेल म्हणून आता पत्र लिहिते.

पोरगी म्हणजे जमनी, लेतूबाबा टेकामांची नात. चार वर्षांची झाली. तुमच्याकडे वर्षभर बसली आहे, म्हणून तुम्हालाच विचारते. रोज वेळेवर येते, मणी रंगाप्रमाणे वेगळे करण्यात तिचा हात कोणी धरणार नाही, पण तोंडातून शब्द नाही. तुमच्या वहीत तुमच्याच अक्षरात लिहिलं आहे, "घरची बोली कोलामी. मराठी समजत नाही. हळूहळू शिकेल." मी म्हटलं ठीक. पण काल लेतूबाबांना वाटेत गाठून विचारलं, तर ते माझ्यावरच रुसले. म्हणाले, "तुमच्यात बसून बसून पोरगी मराठीची झाली न बाई. घरी आपली बोली बोलतच नाही आता."

आपण म्हणतो ती त्यांची बोली बोलते, ते म्हणतात आपली. मी तिला दोन्हींतली एकही बोलताना ऐकलेली नाही. लाजत असेल. तुम्ही अठ्ठावीस वर्षं इथं काढलीत, कोलामी शिकलात. मला रोजच्या वापरातले वीसेक शब्द लिहून पाठवाल का? तिच्या बोलीत हाक मारली तर कदाचित तोंड उघडेल.

मदतनीस रुखमाबाई तुमची रोज आठवण काढतात, विशेषतः माझी खिचडी खाली लागली की.

तुमची,
वैष्णवी

---

बाभुळगाव
१५ जुलै २०२५

चि. वैष्णवी,
तानामावशीचे पोटभर आशीर्वाद.

पत्र आलं. पोस्टमननं हातात दिलं तेव्हा आमच्या सूनबाईला वाटलं, कोर्टाचा कागद आहे. आजकाल पत्र म्हटलं की माणसं घाबरतात. मी तं दोनदा वाचून उशीखाली ठेवलं.

फोनचं म्हणशील तं मले तो प्रकार आवडत नाही. ज्याले धड काही सांगायचं नसते त्यानं फोन करावा. तू पत्रच लिहीत जा. मीही लिहीन. लिहिताना पुस्तकासारखं लिहावं असं ठरवून बसते, पण पेन चार ओळी चालला की आपल्या बोलीवर येते. तू समजून घेजो. सातवीपर्यंतची माझी शाळा, बाकी सारं पोरांनीच शिकवलं.

कोलामीही पोरांनीच शिकवली. पहिल्या वर्षी मी एका पोराले "बस" म्हणायले गेली अन् काय म्हटलं देव जाणे, पोडावरची सारी वस्ती दोन दिवस हसली. तू पण चुकजो. चुकलं की ते हसतात, हसले की आपले होतात. वेगळ्या कागदावर चोवीस शब्द लिहिले आहेत: ये, बस, पाणी, भूक लागली का, दाखव, शाबास, असे. जमेल तसं म्हण.

जमनीची काळजी करू नको. पोरगी हुशार आहे. माझ्या पितळी ताटाची आठवण आहे न तुले, दाराला टांगलेलं? पोरांना बोलावायले मी ते चमच्यानं वाजवत असे. बाकीची पोरं आवाज आला की खिचडीकडे पळत. जमनी मात्र माझ्यापाशी येऊन ताटावर आपला पंजा टेकवून उभी राहे. मी वाजवत राही, ती डोळे मिटून हसत राही. मायाळू आहे पोर. माझ्या ताटाचा तिले लळा होता.

ताट तिथंच ठेवलं आहे मी, घरी नाही आणलं. वाजवत जा.

तुझी,
तानामावशी

---

साजापोड
२ ऑगस्ट २०२५

ती. मावशी,

तुमचे चोवीस शब्द पाठ केले. सोमवारी गोल बसवून एकेक म्हणू लागले, तर पोरं अशी खिदळली की रुखमाबाई चूल सोडून बघायला आल्या. तुम्ही म्हणाला होता तसंच झालं. पण त्या हसण्यात मला एक दिसलं. सगळी पोरं आधी हसली. जमनीनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, सगळे हसताहेत हे बघितलं आणि मग हसली.

ते मनातून जाईना. बुधवारी रुखमाबाईंच्या हातून पातेल्याचं झाकण फरशीवर पडलं. मी सुद्धा दचकले, दोन पोरं रडायला लागली. जमनी माझ्याकडे पाठ करून मणी निवडत होती. तिचा एक मणीही चुकला नाही, मावशी. तिनं मान वळवली नाही.

मग मी मुद्दाम पाहिलं. समोरून तोंडाकडे बघत असली की 'ये' कळतं, 'बस' कळतं. मागून काहीच नाही. कोलामीतही नाही, मराठीतही नाही.

आमच्या पर्यवेक्षिका आल्या होत्या, त्यांना सांगितलं. म्हणाल्या, "सहा वर्षांची झाली की अशा मुलांची वेगळी शाळा असते. तोवर आहार देत राहा, नाव पटावर असू दे. एका पोरीमागे बाकीची वीस बसवून ठेवू नकोस." दोन वर्षं नुसती खिचडी खाऊन घरी जायचं का तिनं?

डॉक्टरांचं तपासणीचं पथक पुढच्या महिन्यात येणार आहे. तिचं नाव द्यायला लेतूबाबांकडे गेले, तर त्यांनी मला अंगणातच थांबवलं. म्हणाले, "तानाबाईनं सालभर पाह्यलं माह्या नातीले. तिनं काही खोट काढली नाही. तू कालची आली अन् पोरीले बहिरी म्हणतं?"

मी तुमची चूक काढत नाही. हे लिहू की नको, असं चार दिवस चाललं होतं. पण तुमच्या शब्दापुढे इथं माझा शब्द चालत नाही.

वैष्णवी

---

बाभुळगाव
९ ऑगस्ट २०२५

वैष्णवीस,

पत्र मिळालं. माझ्या हाताखालून कमीत कमी सहाशे पोरं गेली. कोणाले दिसत नव्हतं, कोणाचा पाय वाकडा होता, ते मीच आधी ओळखलं. काही पोरं उशिरा बोलतात. लेतूबाबाचा पोरगाच पाच वर्षांचा होईपर्यंत मुका होता, आज ट्रॅक्टरवर बसून गाणी म्हणते. घाई करू नको. झाकण पडलं तेव्हा पोर मण्यांत गुंतली असेल.

तानाबाई

---

बाभुळगाव
११ ऑगस्ट २०२५

वैष्णवी, माझ्या पोरी,

परवाचं पत्र पेटीत टाकून आली अन् तेव्हापासून घास गोड लागत नाही. ते पत्र फाडून टाक. फाडू नको, ठेव. म्हातारी माणसं कशी आडमुठी होतात ते तुझ्या सुनेले दाखवायले कामाले येईल.

आज सकाळी मी घरातलं एक ताट घेतलं. डोळे मिटून त्यावर पंजा टेकवला अन् दुसऱ्या हातानं चमचा मारला. वैष्णवी, सारा हात झिणझिणते ग. कोपरापर्यंत चढते. जमनीले ताटाचा लळा नव्हता. ती पंजानं ऐकत होती. सालभर माझ्यासमोर उभी राहून पोरगी मले सांगत होती की मावशी, मले असं ऐकू येते, अन् मी तिच्या गालाचा मुका घेऊन तिले खिचडीले बसवत होती.

एका गावात दोन बोल्या असल्या की आपल्याले किती सोपं जाते बघ. न कळलेलं सारं दुसऱ्याच्या बोलीवर ढकलून मोकळं. मी कोलामीवर ढकललं, त्यांनी मराठीवर. पोरगी दोघांच्या मधात पडून राहिली.

तुझ्या त्या पर्यवेक्षिका बाईंना माझ्याकडून नमस्कार सांग अन् हे पण सांग. अंगणवाडीत एकवीस पोरं असली तं खिचडी एकवीस जणांची शिजते. जमनीच्या वाट्याची खिचडी दुसऱ्याच्या ताटात वाढता येते का? शिकण्याचाही तसाच वाटा असतो. कोणाले तो नुसता सांगून पोचते, कोणाले दाखवून, कोणाले समोर बसवून, कोणाले मशीन लावून. ज्या रीतीनं पोचते त्या रीतीनं द्यायचा, अन् आत्ता द्यायचा. चौथ्या वर्षाचा वाटा सहाव्या वर्षी शिळा होऊन जाते. यात आपण तिच्यावर उपकार करून नाही राह्यलो. तो तिचा हक्क होये. त्या ऐकणार नाहीत तं लेखी दे, अन् पोच घेजो.

आता लेतूबाबाचं. सोबत एक कागद आहे, त्यावर मी कोलामी बोली मराठी अक्षरात लिहिली आहे. त्याच्या अंगणात, चार माणसं असताना, मोठ्यानं वाच. तुले अर्थ कळावा म्हणून इथं सांगते:

"लेतूदादा, तुमची बहीण तानाबाई बोलते. मी तुमच्या नातीले सालभर मांडीवर घेतलं अन् तिचे कान पाह्यले नाही. चूक माझी आहे. पोरीत खोट नाही, माझ्या पाहण्यात खोट होती. ही नवी बाई माझ्याहून चांगलं पाहते. तिच्यासोबत पोरीले यवतमाळच्या दवाखान्यात घेऊन या, मी तिथं येते. मले शिव्या द्यायच्या असतील तं येताना त्याही घेऊन या."

तुझी,
तानामावशी

---

साजापोड
२६ सप्टेंबर २०२५

ती. मावशी,

दीड महिन्यानं लिहिते, रागावू नका. एवढं घडलं की कागद हातात घ्यायला सवड झाली नाही.

तुमचं पत्र मी अंगणात वाचलं. अर्ध्यावर गेले तोच लेतूबाबांच्या घरच्या बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या, इतकी माझी कोलामी भारी. पण लेतूबाबा हसले नाहीत. वाचून झाल्यावर म्हणाले, "पुन्हा वाच." दुसऱ्यांदा वाचलं. मग त्यांनी जमनीला जवळ ओढलं, तिच्या पाठीमागे गेले आणि हाक मारली. एकदा, दोनदा. तिसरी हाक अशी की झाडावरचे बगळे उडाले. पोरगी समोर माझ्याकडे बघून हसत होती. बाबा मला म्हणाले, "कधी न्यायचं ते सांग." तिच्या मायनं घरात जाऊन दार लावून घेतलं.

पर्यवेक्षिकांना लेखी दिलं, पोच घेतली. पथकाच्या डॉक्टरांनी तपासून यवतमाळची तारीख दिली. बाबा, तिची माय, जमनी आणि मी, चौघं गेलो. उजव्या कानानं जवळजवळ काही नाही, डाव्यानं फक्त मोठा आवाज, तोही थोडा. दोन्ही कानांना मशीन मिळाली. तिथल्या कान तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, "अजून वेळ गेली नाही, पण आता घालवू नका. दिवसभर मशीन कानात राहू द्या आणि घरच्या बोलीत तिच्याशी भरपूर बोला." घरच्या बोलीत म्हटल्यावर बाबांची छाती फुगली. मला कोपर मारून म्हणाले, "पाह्य, सरकार पण कोलामी बोल म्हणून राह्यलं." अंगणवाडीत काय करायचं तेही त्यांनी मला शिकवलं: तिला माझ्यासमोर बसवायचं, तोंड झाकायचं नाही, आधी वस्तू दाखवायची मग शब्द, हातवारे करायला लाजायचं नाही.

पण मावशी, तुम्ही आला नाहीत. बाभुळगाव तिथून किती लांब? जमनीची माय फाटकाकडे बघत होती. तुमचे प्रफुल्लभाऊ डबा घेऊन आले, म्हणाले आईचे गुडघे दुखतात. धपाटे सगळ्यांनी खाल्ले. बाबा म्हणाले, "शिव्या आणल्या होत्या, त्या तशाच वापस नेतो."

वैष्णवी

---

साजापोड
२८ ऑक्टोबर २०२५

ती. मावशी,

तुमचं उत्तर आलं नाही. गुडघे कसे आहेत?

इकडे सगळं अडलं आहे. पहिल्या दिवशी मशीन लावली तेव्हा जमनी बावरून गेली. कोंबडा आरवला, ती मायला चिकटली. पिठाची गिरणी सुरू झाली, तिनं दोन्ही कान धरून आकांत मांडला. अशी रडे की बाबा तिच्याआधी रडत. चौथ्या दिवशी त्यांनी मशीन काढली, डब्यात घातली आणि डबा वाशाला टांगला. म्हणतात, "नको माय, पोरगी आपली सुखात होती. अन् कानात हे घेऊन फिरली तं लोक बोट दाखवतील. लगन कोण करन उद्या?" ताईंनी सांगितलं होतं, सुरुवातीला थोडा थोडा वेळ घालून सवय करावी लागते. मी रोज जाते, रोज तेच सांगते, डबा काही खाली येत नाही. एक महिना गेला. ताईंचं 'वेळ घालवू नका' माझ्या कानात वाजत असतं.

आणखी एक लिहायचं आहे. त्या दिवशी यवतमाळला जमनीची मशीन बघून प्रफुल्लभाऊ बोलून गेले, "अशीच आमच्या आईची आहे. तीन वर्षं झाली, कपाटात लुगड्यांखाली पडली आहे." मग त्यांनी जीभ चावली. मी तेव्हाच कळवणार होते, पण तुम्हाला लागेल म्हणून थांबले. आता वाटतं, लागलं तर लागू दे. तुमचीच सवय मला लागली आहे, खरं लिहायची.

फोन आवडत नाही, म्हणालात न मावशी?

तुमची,
वैष्णवी

---

बाभुळगाव
५ नोव्हेंबर २०२५

चि. वैष्णवी,

प्रफुल्लचं तोंड लहानपणापासून गळकं आहे.

हो. मले फोनवर ऐकू येत नाही. समोर बसून बोललं तं तोंड पाहून समजते, चार माणसं एकदम बोलली की सारी गोधडी होऊन जाते. मग मी 'हो हो' म्हणते. गुडघे धडधाकट आहेत. यवतमाळले त्या गर्दीत डॉक्टरांनी मले काही विचारलं असतं अन् मी भलतंच बोलली असती तं लेतूबाबाच्या समोर काय राहिलं असतं माझं? म्हणून डबा पाठवला. धपाटे मी केले, इतकं तरी खरं.

मशीन आणली तेव्हा दोन दिवस घातली होती. भांडं पडलं तं डोक्यात पडल्यासारखं वाटे. वर शेजारीण म्हणाली, "तानाबाई, हे काय लटकवलं?" झालं, काढून लुगड्यांत ठेवली. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना सांगत आली, लाजू नका, विचारा, दाखवा. अन् स्वतः एका शेजारणीले भिली.

तुझं पत्र वाचून काढली बाहेर. आज पाचवा दिवस आहे. पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी एक, आता सकाळपासून जेवणापर्यंत. सूनबाई पोळ्या लाटताना गुणगुणते हे मले माहीतच नव्हतं. बेसूर गाते, पण गाते. जमनी काहून रडली ते मी सांगू शकते बाबाले. अन् रडणं थांबते, हे पण मीच सांगू शकते. तुझ्याहून, डॉक्टरांहून चांगलं.

बुधवारी, १२ तारखेले येते. प्रफुल्ल सोडून देईल. लेतूबाबाले सांग, शिव्या तयार ठेवा, या वेळी साऱ्या ऐकू येतील.

तुझी,
तानामावशी

---

साजापोड
१ डिसेंबर २०२५

ती. मावशी,

तुम्ही जाऊन एकोणीस दिवस झाले. त्यानंतरचं सगळं सांगते.

त्या दिवशी तुम्ही बाबांच्या अंगणात बसलात आणि आधी आपली मशीन कानातून काढून जमनीच्या हातात दिलीत. तिनं उलटी-सुलटी करून पाहिली आणि स्वतःच तुमच्या कानात घालायला लागली, चुकीच्या कानात. मग बाबांकडे बघून वाशाच्या डब्याकडे बोट केलं. बाबा उठून डबा खाली काढू लागले तेव्हा त्यांच्या घरात कोणी श्वास घेतला नाही, हे तुम्हाला मशीन नव्हती म्हणून कळलं नसेल, मी सांगते.

तुम्ही सांगून गेलात तसंच चाललं आहे. पहिले तीन दिवस अर्धा तास, कोंबड्या डालल्यावर आणि गिरणी बंद असताना. मग एक तास. बाबा समोर बसून कोलामीत तिला रोज आपल्या बैलांची सगळी कुळकथा सांगतात. माय म्हणते, एवढं तर ते लग्नानंतर आजीशीही बोलले नव्हते. आता ती सकाळी मशीन घालून माझ्याकडे येते आणि जेवणापर्यंत ठेवते. पोरांनी पहिल्या दिवशी बोट दाखवलं, दुसऱ्या दिवशी तिघांनी कानात बोरं खोचली. रुखमाबाईंनी ती काढताना जो आरडाओरडा केला, त्याला जमनी हसली. सगळ्यांबरोबर, मावशी. मागून नाही.

बोलत नाही अजून. वेळ लागेल असं ताईंनी सांगितलंच आहे. दर महिन्याला यवतमाळला न्यायचं ठरलं, बाबाच नेतात. पर्यवेक्षिका शुक्रवारी येऊन तासभर बसल्या. जाताना म्हणाल्या, दुसऱ्या पोडावर असंच एक मूल आहे, तिथल्या सेविकेला तुझ्याकडे पाठवू का?

आता शनिवारी काय झालं ते. खिचडी झाली, मी तुमचं ताट वाजवलं. जमनी पार मोहाच्या झाडापाशी होती, माझ्याकडे पाठ करून. वाजल्याबरोबर वळली. धावत आली, सवयीनं पंजा वर केला, ताटाजवळ नेला आणि तसाच हवेत ठेवला. मी पुन्हा वाजवलं. तिनं पंजा खाली घेतला. थोडा वेळ ताटाकडे बघत राहिली आणि माझ्या हातातला चमचा ओढून घेतला.

मग तिनं वाजवलं. पोरं पळत आली तेव्हा तिनं एकेकाच्या तोंडाकडे असं पाहिलं, जणू सगळ्यांना तिनंच घडवलं. खिचडी थंड झाली तरी चमचा देईना.

रविवारी सकाळी अकरा वाजता आम्ही टेकडीवर चढणार आहोत, मी, जमनी आणि ताट. लेतूबाबा जमनीला आणि ताटाला, दोघांनाही उचलून घेणार आहेत. मी फोन लावेन. मशीन घालून बसा. आणि मावशी, 'हो हो' म्हणू नका. काहीच बोलू नका, नुसतं ऐका.

तुमची,
वैष्णवी